बेरी, मस्का आणि स्टेकवरचा बटर सॉस: व्हाया नगर

आजच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'अं', 'म्हणजे' आणि मागे वाजलेल्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात, बाकी जवळपास तसंच ठेवलंय.

विषय आहे हॉटेलात स्टेकवर घालून देतात तो चकचकीत, दाटसर बटर सॉस. तो घरी कसा करायचा, आणि घरी तो तसा का होत नाही. आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टवर ही पाककृती कुठून आली? थांबा जरा. या सॉसमध्ये लसूण, मिरी, लिंबू हे सगळे पाहुणे कलाकार असतात. नायक एकच, बटर. आणि बटर नावाची वस्तू आपल्या फ्रिजमध्ये कशी येऊन बसली, याचा रस्ता बऱ्यापैकी आमच्या नगर जिल्ह्यातून जातो. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर झालंय, पण एसटीत बसताना तोंडात नगरच येतं, तर मी नगरच म्हणेन.

आधी बटर आणि लोणी यांचं नातं बघू.

आपल्याकडे साय साठवायची, विरजण लावायचं, रवीनं घुसळायचं, गोळा वर आला की पाण्यानं धुवायचा, आणि दोन-चार दिवसांचं लोणी जमलं की कढवायचं. मग तूप. ताज्या लोण्याचा गोळा भाकरीवर पडायचा, गोकुळाष्टमीला देवापुढे जायचा, पण बाकी लोण्याचा शेवट ठरलेला, कढई. याचं कारण चवीत नाही, हवेत आहे. लोण्यात चरबीसोबत पाणी असतं आणि दुधातली थोडी प्रथिनं आणि साखर असते. आपल्या उन्हाळ्यात ते दोन दिवसांत आंबूस आणि चार दिवसांत खवट होतं. पाणी उडवलं आणि प्रथिनं गाळून टाकली की उरलेलं तूप महिनोन् महिने टिकतं. म्हणजे लोणी हा आपल्या स्वयंपाकातला मधला थांबा होता, शेवटचं स्टेशन तूप.

आणि या थांब्यापाशीच आपली फ्रेंच लोकांशी गाठ पडते. लोणी कढवताना काय होतं आठवा. आधी तडतड आवाज येतो, ते पाणी उडत असतं. फेस येतो. मग आवाज बसतो. माझी आजी तूप बघून नाही, ऐकून उतरवायची. आवाज थांबला की बुडाशी प्रथिनं तांबूस व्हायला लागतात आणि घरभर वास सुटतो. ती तांबूस झालेली बेरी. लहानपणी साखर घालून ती खाण्यासाठी भावंडांत मारामारी झाली नसेल असं घर मला माहीत नाही.

फ्रेंच आचारी हेच करतो, फक्त गाळत नाही. बेरी सोनेरी झाली की त्या क्षणी आच बंद, वर लिंबू पिळायचं आणि बेरीसकट ते लोणी मासळीवर किंवा मांसावर ओतायचं. त्याला ते लोक हेझलनटचं नाव देतात, कारण वास तसा येतो. आपण चरबी ठेवली आणि बेरी पोरांना दिली, त्यांनी दोन्ही ठेवलं. रसायनशास्त्र एकच. थंड मुलखात लोणी टिकायचं, म्हणून तिथे ते लोणी म्हणूनच स्वयंपाकात मुरलं.

मग आपल्याकडे लोणी हा विकायचा माल कधी झाला? आता नगरला येऊ.

८ ऑगस्ट १८०३. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावतो आणि सकाळी सकाळी पेठ घेतो. १२ तारखेला भुईकोट किल्लाही पडतो. त्याच्या छावणीत गोखले नावाचे एक मराठा सरदार होते. त्यांनी पुण्याला लिहून कळवलं त्याचा आशय असा, की हे इंग्रज अजब माणसं आहेत, सकाळी आले, तट पाहिला, वर चढले, आतल्यांना कापलं आणि न्याहारीला परत गेले. मला या मजकुरात लढाईपेक्षा न्याहारीच जास्त खटकते. गोखल्यांनाही तीच खटकली असावी, नाहीतर लिहिली कशाला असती? हा वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. 'बीफ वेलिंग्टन' नावाचा पदार्थ याच्याच नावावर सांगतात, पण त्याला पुरावा काही सापडत नाही. नगरकरांनी त्यावर उगाच हक्क सांगू नये.

वेलस्ली गेला, छावणी मात्र नगरला कायमची बसली. आजही कॅम्प म्हटलं की भिंगारकडचा तो भाग, चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र, रणगाड्यांचं संग्रहालय. देशभर अशा छावण्या झाल्या आणि त्यांच्यासोबत एक नवं गिऱ्हाईक आलं, ज्याला रोज सकाळी पावाला लावायला लोणी हवं होतं. तुपावर त्याचं भागणार नव्हतं. सुरुवातीला हे लोणी परदेशातून डब्यात यायचं, भरपूर मीठ घातलेलं, कारण मिठाशिवाय ते टिकलंच नसतं. लष्कराचा दुसरा प्रश्न आजारपणाचा होता. बाजारातलं दूध प्यायलं की गोरे शिपाई आजारी पडायचे. म्हणून सरकारनं स्वतःच्या गोठ्यांना सुरुवात केली. पहिलं लष्करी डेअरी फार्म १८८९ साली अलाहाबादला निघालं. पुढे अशी फार्म देशभर झाली आणि त्यातली शेवटची २०२१ च्या मार्चमध्ये बंद झाली. एकशे बत्तीस वर्षं लष्कर गायी पाळत होतं, हे मला कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं.

लष्कराबाहेरचं बटर आणलं ते एका पारशी माणसानं. पेस्तनजी एदलजी दलाल. मुंबईत कॉफी दळून विकायचे. त्यांच्या मालाचं नाव पॉलसन. १९३० च्या सुमाराला त्यांनी गुजरातमध्ये आणंदला डेअरी काढली आणि पॉलसन बटर मुंबईच्या घराघरांत, इराण्याच्या हॉटेलांत पोहोचलं. इतकं पोहोचलं, की खुशामत करण्याला लोक 'पॉलसन लावणं' म्हणू लागले. त्याआधीचं 'मस्का लावणं' होतंच. मस्का हा शब्द फारसीतून आला आणि इराण्यांच्या बन-मस्क्यानं तो पक्का केला. लोणी घरातलं, मस्का हॉटेलातला, बटर पाकिटातलं. एकाच वस्तूला तीन नावं आणि तिन्हींची इयत्ता वेगळी. मराठीत हे छान जमतं आपल्याला.

आता पुन्हा नगर. ऑगस्ट १९४२, 'चले जाव'ची हाक. काँग्रेस कार्यकारिणीला मुंबईत पकडून गुपचूप नगरच्या किल्ल्यात आणलं. बारा जण होते, नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, आपले शंकरराव देव आणि बाकी मंडळी. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथे लिहिलं हे शाळेत आपण पाठ केलेलं असतं. आझादांनी इथूनच 'गुबार-ए-खातिर' मधली पत्रं लिहिली. त्यात चहावर पानंच्या पानं आहेत आणि चहात दूध घालणाऱ्यांची त्यांनी यथेच्छ टिंगल केलीय. दुधाच्या जिल्ह्यात बसून! असो.

पण माझा मुद्दा पटेलांचा आहे. १९४५ साली मुंबई सरकारनं शहरासाठी दुधाची योजना काढली. खेडा जिल्ह्यातलं दूध गोळा करून मुंबईला पाठवायचं काम मिळालं पॉलसनला, जवळजवळ मक्तेदारीनं. शेतकऱ्याला भाव मिळेना. नगरच्या किल्ल्यातून सुटून जेमतेम काही महिने झालेले पटेल शेतकऱ्यांना म्हणाले, दूध देणं बंद करा आणि स्वतःची संस्था काढा. जानेवारी १९४६ मध्ये मोरारजी देसाईंच्या उपस्थितीत सामरखा गावी सभा झाली, मग पंधरा दिवस दूध बंद. मुंबई सरकार नमलं. १४ डिसेंबर १९४६ ला खेडा जिल्ह्याचा सहकारी संघ नोंदला गेला. तोच पुढे अमूल. १९५५ च्या ३१ ऑक्टोबरला, पटेलांच्या जयंतीला, आणंदच्या नव्या डेअरीचं उद्घाटन केलं नेहरूंनी. म्हणजे किल्ल्यातले दोन शेजारी, एकाच्या सल्ल्यानं संघ निघाला आणि दुसऱ्यानं त्याच्या डेअरीची फीत कापली.

आता चवीची गंमत. वर्गीज कुरियन यांनी आठवणींत लिहून ठेवलंय, की अमूलचं बटर सुरुवातीला मुंबईकरांना आवडेना. का? पॉलसन साय आंबू द्यायचं, मग लोणी काढायचं आणि मीठ मारायचं. लोकांना तो आंबूस, खारट वास म्हणजेच बटर वाटायला लागलं होतं. अमूलनं ताज्या सायीचं बटर काढलं तर लोक म्हणाले, याला चवच नाही! शेवटी मीठ आणि रंग घालावा लागला. पिवळा रंग घालायचं कारण म्हैस. गाईच्या गवतातलं कॅरोटीन तिच्या दुधाच्या चरबीत उतरतं, म्हणून गाईचं लोणी पिवळसर. म्हैस त्याचं अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं लोणी पांढरंशुभ्र. अमूलच्या पाकिटावर आजही वाचा, बटर, मीठ आणि अ‍ॅनाटो नावाचा बियांचा नैसर्गिक रंग.

गमतीचा भाग पुढे आहे. आंबवलेल्या सायीचं लोणी हे फ्रेंचांचं उंची बटर. महागड्या हॉटेलांत ते 'कल्चर्ड' म्हणून वेगळ्या पैशांनी देतात. आणि आपल्या आजीचं विरजण लावून घुसळलेलं लोणी दुसरं काय असतं? विरजणातल्या जिवाणूंमुळे लोण्याला जो वास येतो, तोच तो. म्हणजे स्टेकच्या सॉसला जे बटर सगळ्यात चांगलं, ते सुपरमार्केटच्या परदेशी कप्प्यात शोधण्याआधी गावाकडून येणाऱ्या डब्यात बघा.

इथे स्टेकबद्दल दोन वाक्यं, कारण प्रश्न येणारच. महाराष्ट्रात गोहत्येवर १९७६ चा कायदा होता, २०१५ मध्ये त्यात बैल आणि वळूही आले. तेव्हापासून आपल्याकडच्या हॉटेलात स्टेक म्हणजे बहुतेक वेळा म्हशीचं मांस. त्यात चरबी कमी, त्यामुळे ते लवकर कोरडं पडतं आणि बटरची गरज उलट वाढते. बऱ्याच ठिकाणी कोंबडीचा, सुरमईचा, अगदी पनीरचाही 'स्टेक' मिळतो. सिझलरच्या तापलेल्या तव्यावर धूर निघाला की खाली काय आहे हे अर्ध्या लोकांना महत्त्वाचं नसतं. मराठी माणसाला हॉटेलातला बटर सॉस भेटतो तो बऱ्याचदा मुंबईच्या मंगळुरी मासळीच्या हॉटेलांतून. फोर्टमधल्या 'तृष्णा'चा बटर-पेपर-गार्लिक खेकडा ज्यानं खाल्लाय, त्याला मी काय म्हणतोय ते समजेल. तुम्ही काय खाता ते तुमचं तुम्ही ठरवा. सॉसला फरक पडत नाही.

तर सॉस. हा भाग मी सावकाश सांगणार आहे, कारण सगळी मजा इथे आहे.

घरी लोक काय करतात? तव्यात बटर वितळवतात, लसूण टाकतात, ओततात. ताटात तुपकट तळं होतं. हॉटेलात तेच बटर दाट, पांढरट, मखमली दिसतं आणि तुकड्याला चिकटून राहतं. फरक मालात नाही, रचनेत आहे. पाकिटातलं बटर ही मुळात एक विस्कटू नये अशी जमवलेली गर्दी असते. शंभर ग्रॅममध्ये निदान ऐंशी ग्रॅम चरबी, सोळापर्यंत पाणी, ते पाणी बारीक थेंब होऊन चरबीत अडकलेलं. नुसतं तापवलं की ही गर्दी फुटते, चरबी वर आणि पाणी खाली. सॉस करायचा म्हणजे उलट करायचं. पाणी बाहेर आणि त्यात चरबीचे बारीक थेंब तरंगत ठेवायचे. त्यांना एकमेकांत मिसळू न देण्याचं काम दुधाची प्रथिनं आणि चरबीच्या थेंबांवरची पातळ आवरणं करतात.

फ्रान्समध्ये याची दंतकथा आहे. नांत शहराजवळ लुआर नदीकाठी क्लेमान्स लफव्र नावाच्या बाई स्वयंपाक करायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला त्यांच्या स्वयंपाकघरात अंड्याचा सॉस होत होता, त्यात अंडं घालायचं राहिलं आणि निघाला 'पांढऱ्या लोण्याचा' सॉस. खरं-खोटं लुआर नदी जाणे. पण ती पद्धत आपल्या घरात चालते.

दोन माणसांसाठी. एक छोटा कांदा अगदी बारीक चिरा. पातेल्यात तो कांदा, दोन चमचे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस, आणि चार-पाच चमचे पाणी किंवा मटणाचं अळणी पाणी. मंद आचेवर आटवा, एक-दीड चमचा रस उरेपर्यंत. हा तुमचा पाया. आता फ्रिजमधलं गार बटर, साधारण ६० ग्रॅम, सुपारीएवढे तुकडे करून ठेवलेलं. आच अगदी कमी. एक तुकडा टाका, पातेलं गोल फिरवत राहा, वितळत आला की पुढचा. सगळे एकदम टाकू नका. गार तुकडा हळू वितळतो, तेवढ्यात फिरवण्यानं त्याचे बारीक थेंब होतात आणि त्याच्यामुळे पातेलं तापतही नाही. सॉसला साधारण ६० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही. थर्मामीटर नसेल तर बोट बुडवून बघा, चटका बसून बोट लगेच मागे आलं तर जास्त झालं. उकळी दिसली तर गेलाच.

फाटायला लागला, कडेला तेल सुटलं, तर लगेच खाली उतरवा, चमचाभर गार पाणी घाला आणि जोरात फेटा. बहुतेक वेळा परत जमतो. आपल्याला हे नवीन नाही. कढी फुटू नये म्हणून आपण तिला बेसन लावतो, सतत ढवळतो, खदखदू देत नाही. तोच धाक इथे.

हॉटेलवाल्यांची युक्ती अशी, की त्या आटवलेल्या रसात आधी दोन चमचे फ्रेश क्रीम घालायचं. क्रीमच्या प्रथिनांमुळे सॉस बराच वेळ धरून राहतो आणि आचाऱ्याला तो संध्याकाळभर गरम जागी ठेवता येतो. शुद्धतावादी नाक मुरडतील. मी घालतो, कारण पाहुणे कधीच वेळेवर येत नाहीत.

मिठाचं बघा. आपलं पिवळं बटर आधीच खारट असतं. कायद्यानं त्यात तीन टक्क्यांपर्यंत मीठ चालतं. वर चिमूटही घालू नका, किंवा बिनमिठाचं आणा. घरचं पांढरं लोणी वापरायचं तर नीट धुऊन, दाबून पाणी काढा, कारण त्यात पाणी जास्त असतं. भाजायची सुरुवात मात्र बटरमध्ये करू नका. बेरी करपते आणि कडू लागते. आधी कडकडीत तव्यावर तूप, त्यात प्रथिनं नसतात म्हणून ते तेवढी आच सहन करतं. दोन्ही बाजू तांबूस झाल्या की आच उतरवून शेवटच्या मिनिटाला लोण्याचा गोळा, ठेचलेला लसूण, हवं तर चार कढीपत्त्याची पानं, आणि चमच्यानं ते फेसाळतं लोणी तुकड्यावर वरून सोडत राहा. तिथे बेरीचा वास येतो. मग तुकडा पाच मिनिटं बाजूला ठेवायचा आणि वाढताना सॉस. म्हणजे एका ताटात लोण्याच्या तिन्ही अवस्था येतात, तूप, बेरी आणि सॉस. फ्रेंच आणि आजी दोघंही खूश.

एवढं करूनही हॉटेलसारखं लागत नाही असं वाटलं, तर एक शक्यता अशीही आहे, की हॉटेलात बटरच नसतं. हॉटेलांना माल पुरवणाऱ्या दुकानात जाऊन बघा, बटरच्या विटेशेजारी तशीच पिवळी वीट असते, भाव कितीतरी कमी, वर बारीक अक्षरात मार्गरीन किंवा फॅट स्प्रेड. मार्गरीनही फ्रान्सचंच, १८६९ साली नेपोलियन तिसऱ्यानं लोण्याला स्वस्त पर्याय शोधायला लावला त्यातून आलेलं. वनस्पती तेलाचं असेल तर त्यातून बेरी पडत नाही, वासही येत नाही, मग तो वास वेगळा घालावा लागतो. हे विकणं बेकायदा नाही. बटर म्हणून विकणं बेकायदा आहे. नगरच्या केडगावला एका आंतरराष्ट्रीय बर्गर साखळीच्या शाखेवर अन्न व औषध प्रशासनानं चीजऐवजी चीजसारखा पदार्थ वापरल्याचा ठपका ठेवून कारवाई केली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याची देशभर बातमी झाली. कंपनीनं आपण खरंच चीज वापरतो असं सांगितलं. पण नगरमध्ये या बातमीवर जी चर्चा झाली ती आरोग्याची कमी आणि दुधाची जास्त होती. कारण खोट्या चीजचा, खोट्या बटरचा प्रत्येक किलो म्हणजे डेअरीवर न घेतलेलं दूध.

आमच्या घरी गायी आहेत, म्हणून हा हिशोब मला नीट येतो. सकाळी डेअरीला दूध घालायचं, तिथे यंत्रात थेंबभर दूध जातं आणि कागदावर दोन आकडे येतात, फॅट आणि एसएनएफ. गावात सकाळी नमस्काराच्या आधी 'आज फॅट किती लागली?' विचारतात. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा पाया. खाली गेलं की भाव कापतात. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार. हो, पगारच म्हणतात त्याला, कारण घर त्यावर चालतं. ऊस वर्षाला एकदा पैसे देतो, दूध महिन्याला तीनदा.

आता त्या ६० ग्रॅम बटरचा हिशोब करा. ३.५ फॅटच्या एका लिटरमध्ये साधारण ३६ ग्रॅम चरबी. ऐंशी टक्क्यांच्या हिशोबानं त्यातून फार तर ४५ ग्रॅम बटर. म्हणजे तुमच्या दोन ताटांवरच्या सॉसला जवळपास दीड लिटर दूध लागलं. चरबी काढून उरलेल्या दुधाची पावडर होते. आणि गंमत, म्हणजे गंमत कसली, बटर आणि पावडरीचे भाव पडले की गावातल्या डेअरीचा फलक त्याच आठवड्यात बदलतो. वर जाताना मात्र फलक पुसायला कुणाला वेळ नसतो.

१ जून २०१७ ला राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. शहरांना भाजी नाही, दूध नाही. रस्त्यावर दूध ओतल्याची दृश्यं टीव्हीवर दिवसभर फिरत होती, आणि मला आठवतं, बाहेरून अनेकांनी विचारलं, ओतता कशाला, गरिबांना वाटा. आमच्या घरात त्यावर कुणी उत्तर दिलं नाही. सामरखाच्या सभेनंतरही पंधरा दिवस दूध बंद होतं आणि आज ते आपण अभिमानानं सांगतो. पुणतांब्यानंतर सरकारनं गाईच्या दुधाचा खरेदी दर २४ वरून २७ रुपये केला. सात वर्षांनी, २०२४ मध्ये, दर परत त्याच आसपास रेंगाळत होता. सरकार लिटरमागे ५ रुपये अनुदान देत होतं आणि अकोले तालुक्यातल्या कोतुळला शेतकरी ४० रुपये मागत धरणं धरून बसले होते. पेंडीचा भाव दरम्यान थांबला नव्हता.

या सगळ्यात नगरकडे दूध कमी नव्हतं कधी. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' गाय काढली. संगमनेर, राहाता, श्रीरामपूर या पट्ट्यात दुधाचे टँकर म्हणजे रोजची रहदारी. दूध आहे, पण त्याचं उंची बटर करून जास्तीचा रुपया कमावणं गावाच्या हातात क्वचित आलं. (जिल्ह्यात चक्क लोणी नावाचं गाव आहे, पण ते प्रसिद्ध आहे साखरेसाठी. विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना तिथलाच, १९५० चा.) आणि २०१९ च्या जानेवारीत बातमी आली, की श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा दुधाचा धंदा १,७०० कोटी रुपयांना विकला गेला. घेणारी कंपनी लॅक्टालिस, आपल्या इथल्या तिरुमला या कंपनीमार्फत. लॅक्टालिस फ्रान्सची. परदेशी कप्प्यात जे 'प्रेसिडेंट' नावाचं बटर दिसतं, ते त्यांचंच.

म्हणजे लुआरकाठच्या सॉसच्या देशातली कंपनी गोदाकाठचं दूध घेते आणि पुण्यात मी त्यांच्या देशाचं बटर काचेपलीकडे बघतो. मी ते दोनदा विकत घेतलं. चांगलं आहे, वाद नाही. तिसऱ्यांदा आईनं घरच्या लोण्याचा डबा एसटीनं पाठवला, कंडक्टरच्या शेजारी ठेवून. तो शिवाजीनगरला उतरवून घेईपर्यंत थोडा पाघळला होता. त्यातलं ६० ग्रॅम धुतलं, पिळलं, फ्रिजमध्ये घट्ट केलं आणि वर सांगितला तसा सॉस केला, लिंबू थोडं कमी घालून, कारण लोण्याला स्वतःचा आंबटपणा होता. परदेशी बटरच्या सॉसपेक्षा जरा पातळ झाला, रंग पांढरा, वास जास्त.

सॉस उरला तर टाकू नका. तो परत गरम केला की फाटतो, म्हणून गरम करूच नका. वाटीत ओतून फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी त्याचा लसूण-कांद्याचा घट्ट मस्का झालेला असतो. गरम बाजरीची भाकरी घ्या, पापुद्रा उचला आणि आत घाला.